अठराच्या आत

नणंद चंपूचं लग्न कुंभकोणमला लागलं, त्या वर्षीची ही गोष्ट. म्हणजे १९६२. लग्न आटोपून मी आणि सासूबाई पाँडिचेरीला परतलो, तर दुकान सांभाळायला मागे राहिलेल्या मालोजीने मला उंबऱ्यातच अडवलं.

"आई, पिशव्या मग ठेव. आधी माझं ऐक."

"पाय तरी धुऊ दे रे."

"सहा महिने दिलेत. फक्त सहा महिने."

"कशाला?"

"फ्रेंच राहायला!"

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "आजवर आपण फ्रेंच होतो होय? मला कुणी बोललंच नाही."

मालोजी हसला नाही. त्याने सगळं नीट सांगितलं. गावावरचा फ्रेंचांचा झेंडा उतरून आठ वर्षं झाली होती, पण कागदोपत्री काम राहिलं होतं. तेही आता झालं. इथे जन्मलेले सगळे आपोआप हिंदुस्थानचे झाले. ज्याला फ्रेंच राहायचं असेल त्याने फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत फ्रेंच वकिलातीत जाऊन तसं लिहून द्यायचं. अठराच्या आतली मुलं बापाबरोबर मोजणार. बाप नसेल तर आईबरोबर.

"मी सोळाचा," मालोजी म्हणाला. "तू लिहून दिलंस की मी आलोच त्यात."

"आणि नाही दिलं तर?"

"तर मी आयुष्यभर मुत्त्यालपेटच्या या ओट्यावर शाळेच्या पोरांच्या चड्ड्या शिवीन."

मी शिंप्याची मुलगी, शिंप्याची बायको. तंजावरच्या राजांच्या मागून आमचे पूर्वज सुई-कात्री घेऊन इकडे आले, त्याला तीनशे वर्षं होत आली. घरात मराठी, बाजारात तमिळ, आणि सरकारी कागद फ्रेंचमध्ये. तिन्हीपैकी एकाही भाषेतलं अक्षर मला येत नव्हतं. चड्ड्या शिवण्यात मला काही कमी वाटत नव्हतं. पण मालोजीच्या वडिलांनी फ्रेंच पलटणीत जीव दिला होता, आणि पोराच्या मनात ते घट्ट बसलं होतं.

त्याला फूस होती सवरीअण्णांची. सवरीनादन हे यांच्या पलटणीतले सोबती, ख्रिस्ती तमिळ माणूस. त्यांचे मेहुणे फ्रान्सात तूलाँच्या गोदीत कामाला होते. अण्णा स्वतः तिकडे चालले होते, आणि मालोजीला घेऊन जाऊन यंत्राचं काम शिकवायचं असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मला ते तंगच्ची म्हणत, म्हणजे धाकटी बहीण.

"तंगच्ची, तुळजारावचा मुलगा तो माझा मुलगा," ओट्यावर बसून ते म्हणाले.

"तूलाँ म्हणजे लष्कराचं बंदर ना?"

"गोदी आहे. बोटी दुरुस्त करतात."

"आणि विशीत आल्यावर त्याच्या हातात बंदूक दिली तर?"

"कसली बंदूक? लढाया संपल्या आता. अल्जेरियासुद्धा सुटलं."

"तुम्ही दोघं निघालात तेव्हाही लढाई संपलीच होती, अण्णा."

मालोजीचे वडील १९४५ च्या ऑक्टोबरात इंडोचायनाला गेले. पलटणीचे शिंपी म्हणून. निघताना मला म्हणाले होते, "मला बंदूक कोण देतंय? सुईच देणार." दोन वर्षांनी नदीवर त्यांची बोट उडाली. सुईवाला आणि बंदूकवाला असा फरक पाण्याने केला नाही.

मी थेट जानेवारीपर्यंत टाळत राहिले. मालोजी रोज विचारी. कधी चिडून, कधी लाडाने. मशीनवर बसलं की पायांच्या तालावर फ्रेंच शब्द म्हणायचा. एकदा दुपारी मी कपडा बेतत होते, तर शेजारी येऊन उभा राहिला. बापासारखाच उंच झाला होता.

"आई, मला बाबांचा चेहरा आठवत नाही. मी कुठून आलो ते तिकडच्या लोकांना तरी माहीत आहे. त्यांच्या वहीत बाबांचं नाव आहे. इथे कोणाच्या वहीत आहे?"

मी कात्री खाली ठेवली. "जाऊ. पण तू एकटा नाही. मी बरोबर येणार."

"तूलाँला? नऊवारी नेसून?"

"मग काय झगा घालून येऊ?"

तो इतका हसला की आतून सासूबाई ओरडल्या, "काय झालं रे?" चंपूने त्यांना आपल्याकडे न्यायचं असंही त्याच संध्याकाळी ठरलं. सासूबाई म्हणाल्या, "न्या मला कुठेही. बोटीत तेवढं बसवू नका."

फेब्रुवारीत वकिलातीसमोर रांग लागली होती. मालोजी नवा सदरा घालून आला होता, खिशात पेन. महिनाभर तपकिरी कागदावर तो सहीचा सराव करत होता.

"मीपण सही करतो, आई. विचार तर खरं."

"तू अठराच्या आत आहेस. माझ्या अंगठ्यात तू आलास."

"पण उद्या काही अडलं तर? माझी सही असलेली बरी ना?"

"काही अडत नाही. उगाच साहेबाला चिडवू नकोस. तिथे झाडाखाली उभा राहा."

टेबलाशी आरुळप्पा नावाचे गावातलेच वयस्कर गृहस्थ होते. साहेबांना तिथे मस्यो म्हणत, म्हणून हेही मस्यो आरुळप्पा. मी माझं लिव्रे पुढे केलं. लिव्रे म्हणजे लग्नाच्या दिवशी नगरपालिकेने दिलेलं लहानसं पुस्तक. नवरा-बायकोची नावं, मुलांचे जन्म, सगळं त्यात लिहितात. त्यांनी पहिलं पान पाहिलं. मागे दोनशे माणसं उभी होती.

"मुलं?"

"एक मुलगा. मालोजी."

"अठराच्या आत?"

"सोळाचा."

त्यांनी लिहून घेतलं. मी आपखुशीने हे करते आहे ना, असं विचारलं. मी हो म्हटलं आणि अंगठा उठवला.

बाहेर आल्यावर मालोजी मला समुद्रावर घेऊन गेला. उकडलेल्या शेंगा घेतल्या. वारा फार होता, टरफलं आमच्याच अंगावर उडत होती. तो मला म्हणाला, "बोंझूर, मादाम पतंगे." मी म्हटलं, "आधी नीट चावून खा, मस्यो पतंगे." त्या दिवसाइतका खूश मी त्याला पुन्हा पाहिला नाही.

एप्रिलमध्ये पासपोर्टासाठी बोलावणं आलं. या वेळी रांग नव्हती. पंखा फिरत होता. मस्यो आरुळप्पांनी लिव्रे घेतलं आणि सवडीने पानं उलटली. मुलांच्या पानावर थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"मालोजी पतंगे. जन्म कारैकाल, ११ जानेवारी १९४४."

मालोजी हसला. "चूक आहे, मस्यो. मी वैशाखातला. ४६ चा. मला अजून सतरा पुरी व्हायचीत."

"कागद तसं म्हणत नाही. कागदाप्रमाणे गेल्या ऑगस्टात तुला अठरा पुरी होऊन सात महिने झाले होते. तू स्वतः येऊन सही करायला हवी होतीस. मुदत गेली. तुझी आई फ्रेंच आहे. तू नाहीस."

"आई, सांग ना यांना."

आरुळप्पा माझ्याकडे बघत होते. वाईट माणूस नव्हता तो. त्याने आवाज खाली आणला.

"मादाम, हे होतं. या महिन्यात माझ्यासमोर ही तिसरी वेळ. आधीचं मूल जातं. मागून आलेल्याला तेच नाव ठेवतात आणि कागदही तोच चालवतात. तसं असेल तर आत्ता सांगा. आधीच्याचा मृत्यू नोंदवू. दोन साक्षीदार आणा, कोर्ट याचा जन्म नव्याने लिहून देईल. मग हा अठराच्या आत, आणि तुमच्याबरोबर हाही फ्रेंच. शुक्रवारपर्यंत मी फाइल धरून ठेवतो." त्यांनी पानावर बोट ठेवलं. "इथे खाली मृत्यूची ओळ असते. ती कोरी आहे. ती कोरी आहे हे बरोबर आहे का?"

मालोजी माझ्याकडे पाहत होता.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "दुसरं मूल नव्हतं."

"मग हा एकोणीस वर्षांचा आहे," ते म्हणाले आणि पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

मालोजी भराभर फाटकाकडे चालत गेला. फाटकाबाहेर थांबला.

"म्हणजे मी एकोणीसचा?"

"तसं कागदावर आहे."

"मग मला सोळाचा का सांगत आलीस?"

"दिवस मोजण्यात चूक झाली असेल."

"तीन वर्षांची?" त्याचा आवाज फाटला. "मी इथेच उभा होतो, आई. या झाडाखाली. खिशात पेन होतं. एक सही. तूच म्हणालीस, लागत नाही. स्वतःचं करून घेतलंस आणि मला झाडाखाली उभं केलंस."

तो पुढे निघून गेला. मी मागून चालत राहिले.

घरी सासूबाई काजं करत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी सुई कापडात खोचली.

"मग सांगून का नाही टाकलंस?"

"काय?"

"आपला पहिला मालोजी गेला ते."

सतरा वर्षांत आमच्या घरात हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं.

झालं होतं ते असं. हे निघाले तेव्हा मला दुसऱ्यांदा दिवस गेले होते, दोन महिने. अजून कुणाला सांगितलं नव्हतं, यांनाही नाही. मोठ्याला घेऊन मी माहेरी तंजावरला गेले. तिथे त्याचा घसा धरला. चार दिवसांत संपलं. सासरी कारैकालला परत आले तेव्हा माझं पोट दिसू लागलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "चिमे, तो तिकडे परमुलखात आहे. त्याला हे कळवू नकोस. हातपाय गळतील त्याचे. परत आला की मी माझ्या तोंडाने सांगेन." पत्र लिहिणाऱ्याकडून आम्ही लिहवून घेतलं, मालोजी बरा आहे. वैशाखात मुलगा झाला. सासूबाई म्हणाल्या, नाव परत आलं. नगरपालिकेत कोण जाणार? नावाचा कागद घरात होताच.

मग यांचं पत्र आलं. मालोजीची मापं कळवा, कोट शिवून पाठवतो. आमच्यात दूर गेलेला बाप असंच करतो. दोऱ्याला गाठी मारून माप मागवतो आणि कपडा पाठवतो. मूल किती वाढलं ते त्याला त्या दोऱ्यावरून कळतं. यांच्या हिशेबी मालोजी अडीच वर्षांचा. पाळण्यात होता तो तीन महिन्यांचा.

सासूबाई रडत बसल्या. दोरा मी घेतला. शेजारच्या कासाराच्या पोराला गूळ देऊन उभं केलं, छाती, पाठ, बाही मोजली. गाठी मारताना मी मनात म्हणत होते, आपला मालोजी याच्यापेक्षा थोडा उंच असता. म्हणून पाठीला दोन बोटं दोरा वाढवून गाठ मारली. दिवाळीला कोट आला. निळ्या कापडाचा, आत अस्तर. बेतात चूक नव्हती. यांनी पत्रात लिहवलं होतं, पोरगं माझ्यावर गेलंय, पाठ लांब आहे.

ते तसेच गेले. पाठ लांब आहे हे धरून.

पुढे आम्ही पाँडिचेरीला आलो. नव्या गल्लीत कुणाला काही माहीत नव्हतं. मालोजीचं खरं वय मी सांगत आले, शाळेतही सासूबाईंनी तोंडीच सांगितलं. पेटीतला कागद दुसऱ्याचा आहे हे मी विसरले होते, असं म्हणू का? विसरले नव्हते. पण इतकी वर्षं दोघांना एकाच नावाने हाक मारल्यावर कागदही याचाच वाटू लागला होता.

"मी साक्षीदार आहे," सासूबाई म्हणाल्या. "कारैकालची माझी जाऊ आहे, ती दुसरी. उद्या जाऊ."

"मी सांगितलं असतं तर यांना कळलं असतं."

"वेडी आहेस का? तो मेलाय. त्याला काय कळणार आता?"

"मग तुम्हीच का म्हणाला होतात, कळवू नको म्हणून?"

"तेव्हा तो जिवंत होता, चिमे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, कुंकवाच्या जागी अंगारा लावून ओट्यावर बसल्या. मी मशीनवर बसले. त्यांनी दोनदा हाक मारली. मी पाय चालवत राहिले. दुपारी त्या उठल्या, आत जाऊन लुगडं बदललं आणि घडी घालून ठेवलं. गुरुवारीही तसंच. शुक्रवारी त्या नेसल्या नाहीत.

मी का उठले नाही? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की यांच्यासाठी. बापाने ज्याला डोळे मिटून कोट शिवला, त्याला साहेबासमोर मेलेला म्हणायला जीभ उचलेना, हे खोटं नाही. पण मशीन चालवताना मनात आणखी एक होतं, तेही सांगायला हवं. तूलाँ राहिलं म्हणजे बंदूक राहिली. पोरगं घरात राहील. ती गोष्ट माझ्या मनात आली, आणि मी तिला हाकललं नाही.

पोरगं घरात राहिलं नाही. जूनमध्ये सवरीअण्णा बोटीत बसले, आणि पंधरा दिवसांनी मालोजी मुंबईला गेला. माझगावच्या गोदीत फिटर झाला. अण्णा त्याला जे काम शिकवणार होते तेच काम. निघताना पाया पडला. म्हणाला, "तुझा पासपोर्ट जपून ठेव."

तो पासपोर्ट घेऊन मी कुठेही गेले नाही. सासूबाई होत्या तोवर त्याच ओट्यावर शिवत राहिले. त्या गेल्यावर मालोजी येऊन मला मुंबईला घेऊन गेला. मुलगा कर्तव्याला चुकला नाही. सून सरोजिनी चिपळूणची, हसरी. पण मी कागदाने परदेशी. मुलाच्या घरी राहायला मला वर्षातून एकदा पोलिसांच्या परदेशी माणसांच्या कचेरीत जाऊन नोंद करावी लागे. मालोजी रजा टाकून बरोबर येई. बाकावर आमच्या शेजारी इराणी, आफ्रिकेतली विद्यार्थी पोरं, एखादी गोरी बाई. शिपाई नऊवारीकडे बघून दरवेळी म्हणे, "आजी, तुम्ही चुकून इथे आलात." मालोजी म्हणे, "नाही. त्या फ्रेंच आहेत. मी भारतीय." आणि मांडीवर फॉर्म ठेवून भरू लागे. नाव. जन्मगाव. येण्याचं कारण. मुलं किती, या प्रश्नाशी तो कधी मला विचारत नसे. एक, असं लिही आणि अंगठ्यासाठी कागद माझ्याकडे सरकवी.

सतरा वर्षं त्याने एक लिहिलं आणि मी खाली अंगठा दिला.

सरोजिनीने मला त्रेसष्टाव्या वर्षी बाराखडी काढायला बसवलं. नातवाच्या पाटीवर. जोडाक्षरं यायला दोन वर्षं लागली. त्यानंतर कचेरीत मी सही करू लागले. मालोजीने पहिल्यांदा ती सही पाहिली, तेव्हा बराच वेळ फॉर्म हातात धरून बसला. मला वाटलं, आता विचारील. त्याने शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि फॉर्म खिडकीत दिला.

परवा तो नोकरीतून निवृत्त झाला. कागदाच्या वयाने. खऱ्या वयाने त्याची अजून दोन वर्षं आणि चार महिने नोकरी राहिली होती. घरी हार घेऊन आला आणि खुर्चीत बसून म्हणाला, "लवकर म्हातारा झालो, नाही?" सरोजिनी हसली. मी आत गेले आणि हे लिहायला बसले. तोंडाने मला आजही येणार नाही. मालोजी, तू हे वाच.

तुझे वडील तुळजाराव पतंगे १९४७ च्या नोव्हेंबरात इंडोचायनात गेले, तारीख आम्हाला कुणी कळवली नाही. तुझी आजी १९७१ च्या श्रावणात पाँडिचेरीला गेली. आणि तुझा मोठा भाऊ मालोजी, ११ जानेवारी १९४४ ला कारैकालला जन्मलेला, ३ डिसेंबर १९४५ रोजी दुपारी तंजावरला माझ्या आईच्या घरी घटसर्पाने वारला. दोन वर्षांचा व्हायला त्याला सव्वा महिना कमी होता.